ऐकल्यापासून सुतक

नाना गेल्यापासून टोकेकरांच्या घरात चार दिवस कुणी आवाज चढवला नव्हता. शनिवारी सकाळी मात्र चढला, आणि असा चढला की दिल्ली दरवाज्याकडे जाणारी माणसं ओट्यासमोर दोन पावलं थबकून पुढे गेली. सगळी गडबड नृसिंहामुळे. दुपारच्या गाडीनं तो नगरला येणार होता, आणि आपला सख्खा काका गेलाय हे त्या बाबाला ठाऊकच नव्हतं.

तसा यात कुणाचा दोष नव्हता. नृसिंह परळच्या एका मिलच्या टीममधून फुटबॉल खेळायचा. मिलच्या कागदावर त्याचं नाव घडी खात्यात होतं, पण कापडाची घडी म्हणून त्यानं जन्मात घातली नव्हती. रोज दुपारी मैदानावर जायचं, बॅक म्हणून उभं राहायचं आणि समोरच्याचा चेंडू काढायचा, याचाच त्याला पगार. दहा वर्षं बी डिव्हिजनमध्ये काढली. टीम कधी वर चढली नाही आणि पेपरात कधी याचं नाव छापून आलं नाही. गेले पंधरा दिवस तर टीम सोलापूर-पुणे करत गावोगाव सामने खेळत हिंडत होती, आणि तिकडूनच परभारे नगरच्या कॅम्पात गोऱ्या पलटणीशी खेळायला येणार होती. तार करायची तरी कोणत्या पत्त्यावर? नाना मंगळवारी पहाटे झोपेतच गेले. त्यांना मूलबाळ नाही, काकू तर केव्हाच गेलेल्या. मग थोरल्या पुतण्यानं, शामकांतनं, अग्नी दिला आणि डोकं भादरून घरी आला.

"स्टेशनावर मी जातो," डोक्यावरचं उपरणं सारखं करत शामकांत म्हणाला. "माझं डोकं बघितलं की वेगळं काही सांगायलाही नको."

"तुम्ही जाऊ नका," दमयंती आतून म्हणाली.

सासऱ्यांसमोर, अण्णांसमोर, ती नवऱ्याचं बोलणं असं तोडत नसे. तिचं तिलाच नवल वाटलं, पण आता तोंडातून निघालंच होतं.

"का म्हणून?" आत्याबाईंनी विचारलं. आत्याबाई म्हणजे अण्णांची आणि नानांची धाकटी बहीण. विधवा होऊन माहेरी आल्या त्याला तीस वर्षं झाली होती, आणि या घरातलं पान त्यांना विचारल्याशिवाय हलत नसे.

"आज चारला कपाचा सामना आहे, आत्याबाई. तेवढा होऊ द्या. मग सांगा."

"वा गं वा! चेंडू मोठा की चुलता मोठा?"

"चुलत्यालाच चेंडू मोठा होता," दमयंती म्हणाली. "पंधरा दिवसांपासून नानांनी बाबाजानचा टांगा सांगून ठेवला होता. रोज मला विचारायचे, सूनबाई, माझा काळा कोट झटकलास का? नरसू पहिल्यांदा नगरात खेळणार! आणि हे बघा, भावजींची भाकरी आहे यात. मालकानं बजावलंय, नगरचा कप आणलात तर टीम ठेवतो, नाहीतर दिवाळीला बंद. टीम गेली की त्यांना घडी खात्यात कोण उभं करणार? एकतिसाव्या वर्षी काय नव्यानं घड्या घालायला शिकतील?"

"म्हणून भावाशी खोटं बोलायचं?" शामकांत तडकला. तो हायस्कुलात मास्तर, त्यामुळे घरातही वर्गात बोलल्यासारखा बोलायचा. "आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. नानांनी त्याला खांद्यावर घेऊन कॅम्पात नेलं, सोजिरांचे सामने दाखवले, म्हणून तो जेवायला-खायला लागला. त्या नानांचं त्याला सांगायचं नाही? उद्या तो मला विचारेल, दादा, तू माणूस आहेस की कोण?"

"शाम बोलतोय ते बरोबर," आत्याबाई म्हणाल्या. "आणि सुतकात कसला मेला खेळ? ह्याला धक्का दे, त्याला शिव! नुसता विटाळ."

आता सगळ्यांच्या माना अण्णांकडे वळल्या. सत्तरीचे अण्णा भिंतीला टेकून बसले होते. ऐन श्रावण. निम्म्या नगरच्या पूजा त्यांच्याकडे असायच्या, पण यंदा सुतकामुळे यजमान दुसरे भटजी शोधत फिरत होते. सोवळ्याओवळ्याचं त्यांचं कडकपण गावाला माहीत होतं. धाकट्या मुलाच्या खेळाबद्दल ते चांगलं किंवा वाईट अवाक्षरही बोलत नसत. त्यामुळे ते काय म्हणणार याबद्दल दमयंतीच्या मनात शंकाच नव्हती. तिनं पदर तोंडाला लावला.

"सुतक ऐकल्यापासून लागतं," अण्णा म्हणाले.

"म्हणजे?" शामकांत.

"म्हणजे ज्याला ठाऊक नाही त्याला सुतक नाही. हे माझं नाही, शास्त्राचं आहे. संध्याकाळी ऐकलं तर संध्याकाळपासून उरलेले दिवस धरायचे. तोवर तो मोकळा आहे. तेव्हा तोंडं बंद ठेवा."

शामकांत आ वासून बापाकडे बघत राहिला. पण आत्याबाईंचं मोठं गमतीचं होतं. शास्त्र म्हटलं की त्यांचा विरोध जागच्या जागी विरायचा आणि त्या दुप्पट जोरानं दुसऱ्या बाजूला उभ्या राहायच्या.

"मग स्टेशनावर कुणीतरी जायलाच हवं की! वाटेत कुणी पचकलं म्हणजे? सूनबाई, तूच जा. ह्याचं डोकं नको तिथं. त्याला घरी आणू नकोस, आत दिवा लावलाय तो दिसेल. परस्पर कॅम्पात घाल. नाना कुठे म्हणाला तर सांग, शेवगावला गेलेत, मुंजीला."

"श्रावणात मुंज, आत्याबाई?"

"मग बारशाला! बारसं काय, कधीही होतं."

"मी यात नाही," असं म्हणून शामकांत परसात निघून गेला. दमयंतीनं पायांत वहाणा सरकवल्या.

बाबाजानचा टांगा दाराशी उभाच होता. भिंगारचा बाबाजान नानांचा पंचवीस वर्षांचा दोस्त. चिमुरड्या नरसूला घेऊन नाना कॅम्पात जायचे ते याच्याच टांग्यातून. दमयंतीनं त्याला सगळा बेत सांगितला तशी त्यानं कपाळाला हात लावला.

"वहिनी, माज्यानं खोटं न्हाई बोलवायचं. नरसूभाऊ समोर आले की मी रडनार. त्यापरीस मी आपला घोड्याकडं तोंड करून बसतो."

"बसा," ती म्हणाली.

गाडी तासभर उशिरानं आली. अकरा-बारा दांडगी पोरं हसत-खिदळत बाहेर पडली. त्यात ख्रिस्ती होते, मुसलमान होते, कोकणातले होते, आणि सगळ्यांत मागून उंच, काळवंडलेला, किंचित उजव्या पायानं लचकत चालणारा नृसिंह. दमयंतीला बघताच त्याचा चेहरा उजळला. ती लग्न होऊन आली तेव्हा तो आठ वर्षांचा होता. त्याच्या फुटलेल्या गुडघ्यांना हळद तिनंच लावली होती.

"वहिनी, तुम्ही? स्टेशनावर?" तो मोठ्यानं म्हणाला आणि तिच्या मागं टांग्यात बघायला लागला. "नाना कुठायत?"

"शेवगावला गेलेत. बारशाला."

"बारशाला? कुणाच्या?"

हे काही ठरवलं नव्हतं. "नात्यातल्याच," दमयंती म्हणाली आणि उगाच पदर सारखा केला.

नृसिंह आधी हसला. थट्टा असेल असं त्याला वाटलं असावं. मग त्याचं हसू हळूहळू ओसरलं.

"खरंच गेलेत? आज?"

"हो ना. फारच आग्रह झाला त्यांना."

"दहा वर्षं मला विचारत होते, नरसू, नगरात कधी खेळणार? आणि आज आलो तर हे शेवगावला." तो आता तिच्याकडे बघत नव्हता. "त्यांच्यासाठी मी पुढची खुर्ची मागून घेतली होती, वहिनी. आमच्या सेक्रेटरीच्या हातापाया पडून. जाऊ द्या. म्हातारपणी माणसाला पुतण्यापेक्षा घुगऱ्यांचाच मोह पडत असेल."

दमयंतीला तो काळा कोट आठवला. कोट झटकलास का, झटकलास का म्हणून जीव खाणारा तो म्हातारा! खोटं बोलून आपण भावजींना वाचवायला निघालो आणि जो बिचारा आता आपली बाजू मांडायलाही उरला नाही, त्यालाच बोल लावला. तिच्या डोळ्यांसमोर नानांचा चेहरा आला. घोड्याकडे तोंड करून बसलेल्या बाबाजानचे खांदे हलायला लागले होते.

"बरं, निघतो. पोरं थांबलीत," नृसिंह म्हणाला. "नाना नाहीत, तर तुमच्याच पाया पडतो. त्यांना सांगा."

आणि तो खाली वाकला.

दमयंती झटकन दोन पावलं मागे सरली.

विचार करून नव्हे हो. सुतकात नमस्कार करू नये आणि घेऊ नये. भटाभिक्षुकाच्या घरात तेवीस वर्षं काढलेल्या बाईला हे आठवावं लागत नाही, पाय आपोआप मागे जातात. तिच्या ध्यानात आलं तोवर होऊन गेलं होतं. नृसिंहाचे हात जिथं तिचे पाय होते तिथं, स्टेशनच्या ओल्या मातीवर टेकले होते. तोही त्याच घरात वाढलेला. तो तसाच वाकलेला राहिला.

"कोण?" त्यानं खालूनच विचारलं.

ती आणखी एक पाऊल मागे सरली.

"अण्णा?"

"नाही, नाही! अण्णा बरे आहेत."

"दादा?"

"नाही हो भावजी."

तो सावकाश उभा राहिला. त्यानं बाबाजानच्या पाठीकडे बघितलं. बाबाजान पटक्याचं टोक डोळ्यांना लावून बसला होता.

"नाना," नृसिंह म्हणाला.

"मंगळवारी. पहाटे. काही त्रास झाला नाही त्यांना." दमयंती आता उघड उघड रडत होती. "चुकलं माझं. तुम्हाला खेळता यावं म्हणून सगळं. ते कुठ्ठं जाणार नव्हते, भावजी. तुमच्यासाठी त्यांनी टांगा सांगून ठेवला होता. त्यांना वाईट म्हणू नका."

पलीकडून कुणीतरी हाक मारली, "अरे टोकेकर, चल की!"

"तुम्ही व्हा पुढे," नृसिंह ओरडला. त्याचा आवाज फाटला. मग तो टांग्यात चढला आणि बाबाजानच्या पाठीवर डोकं टेकून लहान पोरासारखा हमसाहमशी रडला.

घरी आल्यावर त्यानं अंगावरच्या कपड्यांनिशी विहिरीवर आंघोळ केली. नाना जिथं गेले तिथं पसरलेल्या पिठावर दिवा तेवत होता. त्यापुढं तो मांडी घालून बसला. आत्याबाई दमयंतीकडे डोळे वटारून बघत होत्या. शामकांत भावाला खेटून बसला. एकाच सुतकातल्या माणसांना एकमेकांना शिवायला हरकत नसते, तेवढंच एक बरं.

"मी खेळत नाही," नृसिंह म्हणाला. "बाबाजानकडे निरोप देतो."

"नाही खेळलास तर?" शामकांतनं विचारलं.

"तर दुसरा बॅक खेळेल. चांगलं पोर आहे, पण घाबरट आहे. तीन-चार गोल खातील. मग टीम बंद." त्यानं नाक पुसलं. "होऊ दे बंद. नानांना खांदा द्यायला नव्हतो, आता चेंडू लाथाडत फिरू?"

"बरोबर आहे त्याचं," आत्याबाई पुन्हा मूळ पदावर आल्या. "ऐकलं ना आता? लागलं सुतक. संपला विषय."

"नाना म्हणाले असते, जा," शामकांत म्हणाला. दमयंतीनं चमकून नवऱ्याकडे पाहिलं. सकाळी भांडत होता तो हाच का माणूस! "तुला कळायला हवं होतं, नरसू. आता कळलंय तुला. आता तू काय करायचं ते तूच ठरव, पण नानांचं नाव सांगून घरी बसू नकोस."

"सुतकात नमस्कार नाही," अण्णा मधूनच म्हणाले. "देवदर्शन नाही. गोडधोड नाही, फोडणी नाही, पलंगावर निजणं नाही. चेंडू खेळू नये असं मला कुठे सापडलं नाही. तीन दिवस पोथ्या चाळतोय."

तीन दिवस! म्हणजे सकाळच्या भांडणाच्या कितीतरी आधीपासून.

"पण अण्णा," नृसिंह चाचरत म्हणाला, "शिवाशीव होते. मी बॅक आहे. समोरचा अंगावर येतो."

"मग त्याला शिवू नकोस."

"असं कसं?"

"चेंडूला शिव की. चेंडूला कुठं सुतक लागतं? समोरच्याला न शिवता चेंडू काढून घेता येत नाही?"

नृसिंहानं बापाकडे नीट बघितलं. दहा वर्षांत अण्णांनी त्याला खेळाबद्दल विचारलेली ही पहिली गोष्ट होती.

"येतो," तो म्हणाला. "अवघड आहे. पण येतो."

"मग जा. परत आल्यावर आंघोळ कर."

कॅम्पाच्या मैदानावर हीऽ गर्दी. नगर, भिंगार, बुऱ्हाणनगर, सगळीकडून माणूस लोटलं होतं. एका अंगाला गोरे साहेब खुर्च्यांवर आणि बाकी तिन्ही बाजूंनी आपले लोक, चिखलात, छत्र्या घेऊन. दमयंती आणि शामकांत बाबाजानच्या टांग्यापाशी एका टोकाला उभे होते, कुणाला धक्का लागू नये म्हणून. जन्मात तिनं फुटबॉल पाहिला नव्हता. निम्मं तिला कळत नव्हतं, पण भावजी कुठे आहेत तेवढं कळत होतं आणि तिला तेवढं पुरेसं होतं.

नृसिंह विलक्षण खेळत होता. दोघे-दोघे गोरे अंगावर धावून यायचे आणि तो अंग चोरून, वाकून, नुसता पाय पुढं घालून चेंडू अलगद काढून घ्यायचा. लोकांना त्यातलं इंगित काय ठाऊक? "अरे, नवरीवानी लाजतोय काय! दे की धक्का!" म्हणून कुणीतरी ओरडलं आणि लोक हसले. दोनदा तर एक लालबुंद, बैलासारखा दांडगा सोजीर त्याच्या शेजारून निसटला. एकदा गोलीनं वाचवलं, एकदा चेंडू खांबाला लागला.

"खांदा मारायला हवा होता," शामकांत पुटपुटला. "मारू शकत होता."

हाफटाइमनंतर मिलवाल्यांनी एक गोल केला. मैदान दणाणून गेलं. मग पाऊस भुरभुरू लागला, उजेड कमी झाला आणि गोऱ्यांनी नुसता मारा चालवला. रेफ्री घड्याळ बघायला लागला होता तेवढ्यात तो लालबुंद सोजीर चेंडू घेऊन पुन्हा सुटला. समोर नृसिंह एकटा, मागे गोली. नृसिंहानं पाय घातला, पण चिखलात तो घसरला आणि सोजिरानं चेंडू पुढं ढकलला. आता चेंडू हाती लागणार नव्हता. लागला असता तर माणूसच लागला असता. नृसिंह सावरून त्याच्या बरोबरीनं धावत होता, खांद्याला खांदा, मध्ये फक्त वीतभर अंतर. आणि ते वीतभर अंतर तो राखून होता. दमयंतीला हे लख्ख दिसलं. गोल जाईल, टीम जाईल, याची भाकरी जाईल, पण हा वेडा बापाचा शब्द मोडायचा नाही.

"शिवा!" ती किंचाळली. डोक्यावरचा पदर पडला त्याचीही तिला शुद्ध नव्हती. "भावजी, शिवा त्याला! शिवा!"

एवढ्या कोलाहलात ते त्याला ऐकू गेलं की नाही, देव जाणे. पण नृसिंहानं खांदा घातला. अगदी सरळ, खेळाच्या नेमातला. सोजीर कोलमडून पडला आणि नृसिंहानं त्या वेगातच वळून उजव्या पायानं चेंडू पार रेघेबाहेर भिरकावला. वळताना तो पाय चिखलात रुतला आणि तो खाली आला. रेफ्रीनं शिट्टी फुंकली. सामना संपला होता.

बाकीची पोरं नाचत त्याच्याकडे धावली. तो उठत नव्हता. मग त्यांनीच त्याला उचललं, एकानं पायाकडून, दोघांनी खांद्यांकडून, आणि उताणा धरून मैदानभर मिरवला. तो पडलेला सोजीरही येऊन त्याचा हात हलवून गेला. सुतकातला माणूस तो, आणि आज अख्खा कॅम्प त्याला शिवला.

टांग्यात घातला तेव्हा त्याचा गुडघा मडक्याएवढा सुजला होता.

"आतून कट्कन वाजलं, वहिनी," तो म्हणाला. वेदनेनं त्याच्या ओठांवरचा रंग उडाला होता. "मला कळलं तेव्हाच. सेक्रेटरी सांगून गेला, टीम राहिली. पण त्यानं माझ्या पायाकडे बघितलं आणि मग मान फिरवली. त्यालाही कळलं. त्या घाबरट पोराला मी सांगितलंय, पुढच्या मोसमात तू उभा राहायचंस."

दमयंतीनं त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.

दिवेलागणीला घरी पोचले. शामकांतनं आणि बाबाजाननं त्याला धरून विहिरीवर आंघोळ घातली आणि माजघरात घोंगडीवर आणून बसवलं. अण्णा समोरच होते.

"शिवलास?" त्यांनी विचारलं.

"शिवलो, अण्णा."

"मीच ओरडले," दमयंती घाईनं म्हणाली. "त्यांच्याकडे दोष नाही. मी ओरडले म्हणून."

"तू? मैदानात?" आत्याबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई, चार माणसांत?"

अण्णांनी हातानं बहिणीला थांबवलं आणि सुनेला ऊन पाण्याचं घंगाळ आणि फडकं आणायला सांगितलं. ती घेऊन आली तर अण्णा जागचे उठून घोंगडीवर मुलाच्या पायाशी जाऊन बसले होते. त्यांनी तो सुजलेला पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. नृसिंह दचकून पाय काढून घ्यायला लागला. बापाच्या मांडीवर पाय!

"हलवू नकोस," अण्णा म्हणाले आणि पिळलेलं फडकं त्यांनी गुडघ्यावर ठेवलं. "फार दुखतंय?"

"नाही."

"खोटं बोलू नकोस. आज घरात पुष्कळ झालं खोटं." त्यांनी फडकं पुन्हा घंगाळात बुडवलं. "आता सांग. पहिल्यापासून सांग. सुट्टीला आलास की इथं बसून नानाला सांगायचास तसं. कोण कुठून धावला, तू काय केलंस, सगळं."

नृसिंहानं मान वर केली. "तुम्हाला, अण्णा?"

"मलाच," अण्णा म्हणाले. "मोठ्यानं सांग. दहा वर्षं मला देवघरातून अर्धंच ऐकू यायचं."